कीबोर्डची डुलकी

धर्मग्रामाच्या कचेरीतील सर्वांत मोलाची वस्तू कोणती, असे कोणी विचारले तर मी लोखंडी कपाटाच्या मधल्या खणाकडे बोट दाखवीन. तेथे स्नानसंस्काराच्या नोंदवह्या आहेत. वेदीवरचा चांदीचा पेला चोरीस गेला तर नवा घडवून घेता येईल. परंतु अमुक गावच्या अमुक मातापित्यांच्या बालकाचा स्नानसंस्कार अमुक दिवशी झाला, ही एका ओळीची नोंद वाळवीने खाल्ली, तर ती पुन्हा लिहून देणारा साक्षीदार या जगात उरलेला नसतो. ट्रेन्टच्या धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहाच्या व स्नानसंस्काराच्या नोंदी लिहून ठेवण्याचे कर्तव्य धर्मग्रामाच्या धर्मगुरूवर सोपवले. १९८३ सालच्या धर्मसंहितेचे ५३५ वे कलम तेच पुन्हा बजावते, आणि आणखी एक गोष्ट सांगते: दृढीकरण, विवाह, गुरुदीक्षा, व्रतबंधन या पुढच्या आयुष्यातील घटनांची टीप त्याच मूळ नोंदीच्या समासात करावी. त्यामुळे ती ओळ म्हणजे केवळ जन्माची खूण राहत नाही. माणूस जसजसा वाढतो तसतसा तिचा समास भरत जातो.

मराठवाड्यात या ओळीला आणखी एक अर्थ आहे. निजामाची राजवट १९४८ साली संपली, त्याआधी खेड्यात जन्मलेल्या आमच्या कित्येक वृद्धांजवळ जन्माचा सरकारी कागद नाही. आधार कार्डाची सुरुवात आपल्याच महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी २०१० साली झाली. त्यानंतर ज्यांना जन्मतारीख सांगता आली नाही त्यांच्या कार्डावर अंदाजाचे साल आणि १ जानेवारी ही तारीख पडली. शाळेत गेलेल्यांची तऱ्हा निराळी; त्यांना मास्तरांनी १ जून दिला. एकाच दिवशी निम्मे गाव जन्माला आल्याचे दृश्य आमच्या दाखल्यांवर दिसते ते यामुळे.

गेल्या पावसाळ्यात गंगापूर तालुक्यातून एक आजी नातवाला घेऊन आल्या. "फादर, माझं खरं वय काढून द्या," एवढेच त्यांचे मागणे होते. तो दाखला पुढे कोणत्या कचेरीत चालेल वा न चालेल, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने गौण होता. मरण्यापूर्वी आपली जन्मतारीख कळावी, अशी त्यांची इच्छा होती. त्यांना आईचे नाव ठाऊक होते, वडिलांचे ठाऊक होते, आणि "मोठ्या दुष्काळानंतर" एवढा काळाचा धागा होता. नोंदवह्यांना अनुक्रमणिका नाही. तीन वह्या पानोपान चाळाव्या लागल्या. आजी दोन दिवस मिशनच्या ओट्यावर बसून होत्या. तिसऱ्या दिवशी नोंद सापडली, आणि त्याच आठवड्यात आमच्या पॅरिश कौन्सिलने ठराव केला की सर्व नोंदी संगणकावर उतरवून घ्याव्यात.

ठराव करणे सोपे असते. या वह्या लॅटिनमध्ये आहेत. आमच्या भागात ख्रिस्तवाणी आणणारे फ्रान्सलियन मिशनरी ज्या संघाचे, तो संघ फादर पीटर मेर्मिए यांनी १८३८ साली सॅव्हॉय प्रांतातील ॲनसी येथे स्थापन केला. ती मंडळी फ्रेंच बोलणारी. तुकारामाचे नाव लिहिताना 'उ'काराच्या जागी ती आपल्या रिवाजाप्रमाणे 'ओ' आणि 'यू' अशी दोन अक्षरे लिहीत. त्यामुळे इंग्रजी शिकलेला आजचा मुलगा ते नाव 'टाऊकाराम' असे वाचतो आणि गोंधळतो. सखाराम, गिरजा, विठू, लक्ष्मी या साऱ्यांची अशीच तऱ्हा. शिवाय स्नानसंस्काराचे नाव लॅटिन विभक्तीत. 'योसेफुस' असेल तर मुलगा, 'योसेफी' असेल तर योसेफाचा मुलगा! हे ओळखायला थोडे लॅटिन, थोडे फ्रेंच वळणाचे अक्षर आणि पुष्कळसे गाव माहीत असावे लागते. नागपूरच्या सेमिनरीत आम्हाला मिळालेले लॅटिन जेमतेम विभक्ती ओळखण्यापुरते होते. गाव माहीत होते ते आमच्या एका निवृत्त शिक्षिका बाईंना. त्यांची तीस वर्षांची नोकरी वैजापूर, गंगापूर, पैठण याच तालुक्यांत झाली. त्या आपणहून पुढे आल्या, मराठी कीबोर्ड शिकल्या, आणि रोज सकाळच्या मिस्सानंतर दोन तास बसू लागल्या.

येथे एक विषयांतर करतो, कारण बाईंना टंकन करताना पाहून मला नेहमी फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण येते. या इंग्रज जेझुइटाचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. ते मराठी काव्य रोमन लिपीत छापावे लागले, हेही ठाऊक असेल. त्यामागचे कारण मात्र फारसे सांगितले जात नाही. १६०८ साली रोममधील आपल्या सर्वाधिकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात स्टीफन्स यांनी देशी भाषेतील पुस्तके देशी अक्षरांतच छापली जावीत ही आपली अनेक वर्षांची तळमळ कळवली होती. अडचण अशी की युरोपात २४ अक्षरांचे साचे पुरत, आणि येथल्या लिपीसाठी सुमारे ६०० साचे ओतावे लागले असते. मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे ही सारी वेगळी. गोव्यात छापखाना १५५६ सालीच आला होता. म्हणजे यंत्र होते, ग्रंथ होता, भाषा होती, आणि तरीही अक्षर यंत्रात शिरत नव्हते.

आज बाईंच्या पुढ्यातला कीबोर्ड त्या ६०० साच्यांचे काम इंग्रजीच्याच कळांवर करतो. इनस्क्रिप्ट नावाची ही मांडणी १९८० च्या दशकात भारत सरकारने ठरवली, १९९१ साली ती भारतीय मानकात आली, आणि ती मोठ्या बुद्धीची आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. जोडाक्षर हवे तर मधे हलन्ताची कळ दाबायची. 'मिशनऱ्यांनी' या शब्दातला तो चंद्रकोरीसारखा 'ऱ्य' हिंदीवाल्यांना लागत नाही. आपल्याला लागतो, आणि त्याचीही सोय आहे. स्टीफन्स यांना हे दिसले असते तर त्यांनी गुडघे टेकून प्रभूचे आभार मानले असते असे मला वाटते.

असो. आता संगणकाकडे वळतो.

आमचा संगणक जुना आहे. एका शाळेने नवे घेतले तेव्हा तो मिशनला मिळाला. त्यावर विंडोज ७ होते, आणि त्याची सुरक्षाविषयक देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी थांबवली. विंडोज १० चीही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मुदत संपल्याने पुष्कळ धर्मग्रामांत हाच प्रश्न सध्या उभा आहे. नवी प्रणाली जुन्या यंत्राला पेलत नाही, आणि नवे यंत्र धर्मग्रामाच्या खिशाला पेलत नाही. आमच्या युवक मंडळात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा आहे. त्याच्या लॅपटॉपच्या झाकणावर संत कार्लो अकुतिसचे चित्र आहे. संगणक चालवणारा हा किशोर ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी संतपदी घोषित केल्यापासून आमच्या मुलांना आपल्यातलाच एक वाटू लागला आहे. हा मुलगा म्हणाला, "फादर, यंत्र चांगलं आहे. त्यावर हलकी लिनक्स टाकू."

लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिहिला आणि जगाला मोकळा करून दिला. त्याच्याभोवती निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या प्रणाली उभ्या केल्या. त्यांतल्या पपी, अँटीएक्स, लुबुंटू अशा काही मुद्दाम कमी सामर्थ्याच्या यंत्रांसाठी बेतलेल्या आहेत. दागदागिने कमी, पोटाला भाकर पुरेशी. पैसे पडत नाहीत. एक हलकी प्रणाली त्याने एका रविवारी दुपारी चढवली, आणि जे यंत्र चालू होईपर्यंत माळेची एक दशी म्हणून व्हायची, ते 'नमो मरिया' संपायच्या आत उघडू लागले.

तीन महिने काम सुरळीत चालले. मग जुना गोल पिनेचा कीबोर्ड म्हातारा झाला. त्याच्या दोन कळा मेल्या, आणि त्या नेमक्या 'म' आणि 'स'च्या. ज्या कचेरीत मिस्सा, मरिया, संस्कार आणि स्मरणदिन हेच शब्द दिवसभर लिहायचे, तेथे म आणि स वाचून काय लिहिणार? सिडकोतील कॅनॉटमध्ये चौकशी केली. गोल पिनेचे आता कोणी ठेवत नाही, सगळे यूएसबीचे, असे उत्तर मिळाले. देवनागरी अक्षरे छापलेला एक यूएसबी कीबोर्ड ६०० रुपयांना आणला. फादर स्टीफन्स यांच्या साच्यांची संख्याही तीच, हे बाईंनीच माझ्या ध्यानात आणून दिले.

आणि तेथून गाऱ्हाणे सुरू झाले. कीबोर्ड चालतो, मधेच थांबतो. कळ दाबावी तर अक्षर उमटत नाही. पिन काढून पुन्हा लावली की चालतो, पुन्हा थांबतो. बाई दिवसाला चाळीस नोंदी उतरवत असत, त्या आता बारावर आल्या.

त्या मुलाला बोलावले. तो बसला, झरझर दोन परिच्छेद लिहिले. कीबोर्ड तुकतुकीत. "फादर, काही झालेलं नाही." तो गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा बोलावले, पुन्हा त्याच्या हाताखाली कीबोर्ड आज्ञाधारक. तिसऱ्या खेपेस त्याने माझ्याजवळ हळू आवाजात शंका व्यक्त केली, की बाईंचा हात या वयात हलका पडत असेल, कळ पूर्ण दबत नसेल. बाईंनी ते ऐकले. त्या काही बोलल्या नाहीत. तीस वर्षे वर्ग सांभाळलेली स्त्री अशा वेळी बोलत नाही.

इकडे पॅरिश कौन्सिलमध्ये मते फुटू लागली. एक सभासद वीज मंडळात नोकरीला होते. त्यांनी व्होल्टेजवर ठपका ठेवला. उन्हाळ्यात आमच्याकडे विजेचे जे हाल होतात ते पाहता शंका अगदीच निराधार नव्हती. दुसऱ्यांनी पाल शिरली असेल म्हटले. एका भाविक माउलीने पवित्र पाणी शिंपडण्याचे सुचवले. हसण्याचे कारण नाही. जुन्या रोमन विधिग्रंथात छापखाना, आगगाडी आणि तारयंत्र यांना आशीर्वाद देण्याचे विधी आहेत. फक्त विजेच्या यंत्रावर पाणी शिंपडताना बेताने शिंपडावे, इतकेच मी म्हणालो. चौथी सूचना मात्र गंभीर होती. शहरात नोंदवह्यांची छायाचित्रे घेऊन मजकूर उतरवून देणाऱ्या एजन्सी आहेत. ईस्टरपर्यंत काम रुळावर आले नाही तर सर्व वह्या अशा एजन्सीला द्याव्यात, असा प्रस्ताव आला आणि बहुमताने मंजूरही झाला.

मला त्याची धास्ती वाटली, ती खर्चामुळे नव्हे. या वह्यांच्या समासात काय काय असते, हे धर्मगुरूलाच ठाऊक असते. कोण दत्तक घेतलेला, कोणाच्या वडिलांच्या नावाची जागा कोरी, कोणाचा विवाह रद्दबातल ठरला. ज्यांच्या या गोष्टी आहेत त्यांची नातवंडे रविवारी पुढच्या बाकांवर बसतात. शिवाय शहरातला पगारी लेखनिक 'टाऊकाराम' असेच लिहिणार. ते नाव तसे एकदा संगणकात गेले, की तुकारामाच्या नातवाने शोधले तरी त्याला आजोबा सापडणार नाहीत. न लिहिलेल्या नोंदीपेक्षा चुकीची लिहिलेली नोंद अधिक घातक, कारण तिच्यावर आपण विश्वास ठेवतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकवणारे आमचे एक वृद्ध प्राध्यापक होते. वादात कोणतेही विधान आले की ते म्हणत, आधी भेद करा. काय मान्य, काय अमान्य, आणि कोणत्या अर्थाने मान्य. परीक्षेपुरती शिकलेली ती पद्धत त्या दिवशी कामास आली. त्या मुलाला मी म्हटले, बाळ, कीबोर्ड बिघडला या विधानाचे आपण तुकडे पाडू. तोही रंगात आला.

कीबोर्ड स्वतः बिघडला आहे काय? तो शाळेतील संगणकाला लावून पाहिला, दिवसभर चालला. मग आपले यंत्र बिघडले आहे काय? जुना गोल पिनेचा लावला, म आणि स वगळता सर्व अक्षरे उमटली. म्हणजे दोघेही निर्दोष, दोष त्यांच्या संबंधात. विवाहविषयक समुपदेशन करणाऱ्या कोणाही धर्मगुरूला हा निष्कर्ष नवा नाही.

मग तो संबंध नेमका कोठे तुटतो? यंत्र सुरू होताना लिनक्स येण्यापूर्वी एक काळा पडदा येतो; त्याला बायोस म्हणतात. तेथे कीबोर्ड बिनतक्रार चालत होता. मुलाने समजावले की त्या पायरीवर यंत्र स्वतःच कीबोर्डशी बोलते. लिनक्स जागी झाली की ती यंत्राच्या हातून कारभार काढून घेते आणि आपल्या रीतीने बोलू लागते. आधी चालतो आणि नंतर अडतो, म्हणजे संशय लिनक्सच्या रीतीवर. तरी त्याने पिन लावण्याची जागा बदलून पाहिली. पेटीच्या पुढच्या बाजूची भोके आतल्या लांब वायरीने जोडलेली असतात आणि ती वायर सैल होते. मागची थेट मुख्य पाटीवर बसवलेली असतात. मागे लावला. फरक नाही. यूपीएस काढून पाहिला. फरक नाही. व्होल्टेजवाले सभासद जरा खट्टू झाले.

पुढची पायरी मला विशेष आवडली. कीबोर्ड थांबलेला असताना यंत्राला प्रश्न विचारायचा कसा? लिहायचे साधनच मुके! माऊस जुन्या गोल पिनेचा असल्याने चालत होता. मुलाने पडद्यावर एक कीबोर्डचे चित्र आणले आणि माऊसने एकेक अक्षर टिपत आज्ञा लिहिली. खिळे जुळवणाऱ्या जुन्या कंपॉझिटरसारखा तो वाकून एकेक अक्षर उचलत होता. 'एलएसयूएसबी' या आज्ञेने यंत्र आपल्याला जोडलेल्या यूएसबी वस्तूंची हजेरी घेते. कीबोर्डचे नाव हजेरीत होते. 'डीमेसेज' ही दुसरी आज्ञा गाभ्याची रोजनिशी उघडते. तीत कीबोर्ड ओळखला, स्वीकारला, असे स्वच्छ लिहिलेले. चुकीचा एकही शेरा नाही. हजेरीतच नाव नसते तर दोष तारेचा वा विजेचा मानला असता. नाव असून कीबोर्ड म्हणून ओळख नसती तर त्याला चालवणारा छोटा आज्ञासंच, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो हरवला असे म्हटले असते. येथे दोन्ही जागेवर. वर्गात हजर, नाव पुकारले की उत्तर नाही.

येथे तो मुलगा अडला, आणि येथेच बाईंनी आपली चाळीस पानी वही पुढे केली.

गेले दहा दिवस त्या प्रत्येक खंडाची नोंद ठेवत होत्या. कोणत्या वहीचे कोणते पान, कोणती नोंद, किती वाजता. शिक्षिकेच्या सुबक अक्षरात चार रकाने. आणि शेवटच्या रकान्यात एकच शेरा पुन्हा पुन्हा: 'नाव वाचत होते', 'पान उलटले', 'भिंगाने पाहिले', 'गावाचे नाव लागेना, विचार केला'. बाई म्हणाल्या, "फादर, मी लिहीत असते तोवर तो थांबत नाही. मी थांबले की तो थांबतो."

त्या मुलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्याने तीनही वेळा परीक्षा घेतली ती न थांबता लिहून. पाठ असलेला मजकूर झरझर लिहिणाऱ्यापुढे कीबोर्ड कधीच झोपला नव्हता. शंभर वर्षांपूर्वीच्या परदेशी हस्ताक्षरात अडलेल्या, नाव नीट लागल्याखेरीज बोट न उचलणाऱ्या बाईंपुढे मात्र तो पानोपानी झोपत होता. मुलाने चार अक्षरे लिहिली, हात मांडीवर ठेवले, एक, दोन, तीन असे मोजले, आणि कळ दाबली. पडद्यावर काही नाही. "बाई, माफ करा," तो म्हणाला. बाईंनी फक्त वही मिटली.

प्रकार असा. यूएसबीला जोडलेली वस्तू काही काळ वापरात नसली तर तिला झोपवून वीज वाचवण्याची सोय लिनक्समध्ये आहे. थांबण्याचा ठरलेला काळ साधारणपणे २ सेकंदांचा असतो. मूळ गाभा कीबोर्डला सहसा या नियमातून मोकळा ठेवतो. परंतु वीजबचतीसाठी वेगळे बनवलेले काही कार्यक्रम सरसकट सर्वांना तो नियम लावतात. असा एक कार्यक्रम आमच्या यंत्रावर होता. लॅपटॉपच्या बॅटरीसाठी तो उपकारक. भिंतीतून वीज घेणाऱ्या आमच्या पेटीला त्याचा काडीचा उपयोग नाही. झोपलेल्या कीबोर्डने कळ दबताच यंत्राला इशारा देऊन कारभार पुन्हा सुरू करायचा असतो. 'मला इशारा देता येतो' असे आमचा कीबोर्ड जोडणीच्या वेळी यंत्राला सांगत होता. प्रत्यक्षात देत नव्हता. स्वस्तातल्या कीबोर्डांत असे आढळते म्हणतात.

प्रेषितांच्या कृत्यांच्या २० व्या अध्यायात त्रोवस येथे पौलाचे प्रवचन लांबले तेव्हा खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोपेने पेंगून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडल्याची हकिगत आहे. निदान त्याच्या बाबतीत प्रवचन मध्यरात्रीपर्यंत चालले होते. आमचा युतुख दोन सेकंदांच्या शांततेत पडत होता. (प्रवचनकार म्हणून मला हे थोडे दिलासादायकच वाटले.)

उपाय पाच मिनिटांचा निघाला. लिनक्समध्ये प्रत्येक यूएसबी वस्तूसाठी एक लहानशी फाइल असते. तीत 'ऑटो' हा शब्द असला तर वस्तू झोपू शकते, 'ऑन' असला तर जागी राहते. मुलाने कीबोर्डपुरता तो शब्द बदलला. बाईंना मुद्दाम थांबायला सांगितले. त्यांनी डोळे मिटून एक 'नमो मरिया' सावकाश म्हटली आणि मग 'म' दाबला. उमटला.

परंतु ही दुरुस्ती यंत्र बंद केले की पुसली जाते. म्हणून वीजबचतीच्या कार्यक्रमाच्या मांडणीतच यूएसबीला झोपवण्याची सूचना बंद करावी लागली. ज्यांना ते सापडणार नाही त्यांच्यासाठी दुसरा मार्ग असा, की लिनक्स सुरू होतानाच गाभ्याला 'यूएसबीकोअर.ऑटोसस्पेंड' या नावापुढे उणे एक ही किंमत द्यायची. मग कोणतीच यूएसबी वस्तू आपणहून झोपवली जात नाही. आपल्या धर्मग्रामातील संगणक जाणणाऱ्या तरुणाला एवढे वाक्य दाखवले तरी पुरेल. जाता जाता, याच स्वरूपाची आणखी एक तक्रार मला दोन धर्मबंधूंनी सांगितली आहे: पासवर्ड बरोबर असूनही यंत्र आत घेत नाही. तेथे बहुधा कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो आणि पासवर्ड इंग्रजीत. ठिपक्यांआड ते दिसत नाही. कोपऱ्यातील भाषेची खूण आधी पाहावी.

एजन्सीचा ठराव पुढच्या बैठकीत मागे घेतला गेला. त्यावर फार चर्चा झाली नाही. बाईंनी आपली चार रकान्यांची वही बैठकीत फिरवली, तेवढे पुरले. एका सभासदाने मात्र योग्य मुद्दा काढला, की सगळा मजकूर एकाच जुन्या पेटीत ठेवणे धोक्याचे. तेव्हा आता दर शनिवारी त्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती कुलुपात ठेवली जाते. मूळ वह्या अर्थातच कपाटात आहेत. कागदाची जागा संगणक घेईल असे माझे मत नाही. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचे गाव आहे, तेथे हाताने कागद बनवण्याची शतकांची परंपरा सांगतात. तेथला जाड खरखरीत कागद हातात घेतला की वाटते, आमच्या नोंदी यावर लिहिल्या असत्या तर बरे झाले असते. १९३० च्या सुमारचा आमच्या वह्यांचा गुळगुळीत परदेशी कागद आता पापडासारखा तुटतो.

काम करता करता बाई नवे प्रश्न आणतात आणि ते कीबोर्डहून अवघड असतात. स्थळाच्या रकान्यात काय लिहायचे? वहीत औरंगाबाद आहे, शहराचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले, आणि आमच्या धर्मप्रांताचे नाव औरंगाबाद हेच आहे. मी सांगितले, वहीत आहे तसे लिहा, आणि आजचे नाव शेजारच्या रकान्यात. 'योसेफुस' लिहायचे की 'योसेफ' की घरातले नाव 'सखाराम'? तिन्ही. नोंद शोधायला येणारा कोणते नाव घेऊन येईल हे आपल्याला ठाऊक नसते. गंगापूरच्या त्या आजी मरियाबाई म्हणून आल्या नव्हत्या. गावात त्यांना ज्या नावाने हाक मारतात ते नाव समासात कोणा जुन्या धर्मगुरूने पेन्सिलीने लिहून ठेवले होते, म्हणून त्या सापडल्या. त्यांची खरी तारीख जुलैमधली निघाली. आधार कार्डापेक्षा त्या चार वर्षांनी मोठ्या आहेत. नातवाने ते मोठ्याने वाचून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, "मला वाटतच होतं."

सध्या १९३४ सालची वही चालू आहे. तिच्यातील शाई तपकिरी पडली आहे आणि लिहिणाऱ्या धर्मगुरूला वेलांटी काढताना ओळ ओलांडायची सवय होती. बाईंचे जुने भिंग पुरेसे पडत नाही. दिव्याचे, टेबलाला लावायचे मोठे भिंग घेण्यास कौन्सिलने मंजुरी दिली आहे. ते यूएसबीवर चालते असे दुकानदार म्हणाला, तेव्हा बाईंनी विजेच्या साध्या प्लगवर चालणारे आहे का, असे विचारले.